जुन्या गाडीला टर्बो लावू की सुपरचार्जर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कुठल्या गाड्यांबद्दल चाललंय?

मुख्यतः ती जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००० ते २००३ वाली, १०६ हॉर्सपॉवरची. तिच्यासोबत फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स (आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, सचिन जाहिरातीत होता ती), मारुतीची पहिली बलेनो १.६, एस्टीम, फोर्ड आयकॉन १.६ वगैरे. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात अजून बऱ्याच जणांनी या गाड्या जपून ठेवल्यात, वजनाला हलक्या आहेत, चालवायला मजा येते, आणि मालकाला कधी ना कधी तो किडा चावतोच की अजून जरा पॉवर असती तर. परदेशात असाल तर तिकडची माझ्दा एमएक्स-५ म्हणजे मियाटा, तिचाही विषय खाली येईल कारण तिथे दोन्ही पर्यायांची किट वर्षानुवर्षं विकली गेलीत आणि त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

दोघांत फरक काय, एकदा सरळ सांगा ना.

दोन्ही एकच काम करतात, इंजिनात जास्त हवा दाबून भरायची, मग जास्त पेट्रोल जाळता येतं. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या गॅसवर, सुपरचार्जर फिरतो क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) आलेल्या बेल्टवर. टर्बोला हवा तेव्हा बूस्ट, म्हणजे दाबलेल्या हवेचा जादा दाब, कमी-जास्त करता येतो, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट गॅस टर्बाइनच्या बाजूने सोडून देणारी झडप) आणि बूस्ट कंट्रोलरने. सुपरचार्जरचा बूस्ट पुलीच्या साईजवर ठरतो, पुली बदलली की बूस्ट बदलला, बस्स. बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

टर्बो म्हणजे फुकटची पॉवर, असं गॅरेजवाला म्हणतो. खरंय का?

पूर्ण फुकट नाही, टर्बाइनमुळे एक्झॉस्टला अडथळा होतो आणि इंजिनला तेवढा मागून दाब सोसावा लागतो. पण सुपरचार्जरपेक्षा स्वस्तात पडते हे खरं. सुपरचार्जरची पॉवर तुमच्या हातात पडायच्या आधीच कापली जाते, पीएफसारखी. हिशोब करून बघा, १४० हॉर्सपॉवरला लागणारी हवा रूट्स टाइप सुपरचार्जरने अर्धा बार (बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) दाबायची म्हटली तर नुसता तो फिरवायलाच नऊ-दहा हॉर्सपॉवर जातात. म्हणजे हातात १४० हवे असतील तर इंजिनाने १५० ची मेहनत करायची, पिस्टन आणि रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणारी दांडी) लोड १५० चा आणि मजा १४० ची.

सुपरचार्जर एकाच प्रकारचा असतो का?

नाही, आणि इथेच लोक गोंधळतात कारण "सुपरचार्जर" म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. रूट्स टाइप म्हणजे ईटनचे एम४५, एम६२ वगैरे, हे थ्रॉटल दाबल्या दाबल्या खालच्या आरपीएमपासून टॉर्क देतात पण हवा फार तापवतात. ट्विन स्क्रू म्हणजे लिसहोम, व्हिपल, हे त्याच जातीचे पण कमी तापतात आणि महाग. तिसरा सेंट्रिफ्यूगल, व्हॉर्टेक किंवा रोट्रेक्स, हा दिसायला टर्बोच्या गोगलगायीसारखाच पण बेल्टवर फिरणारा, याचा बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो, खाली जवळजवळ काहीच नाही आणि रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिनाच्या कमाल वेगाजवळ, सगळं. म्हणजे "सुपरचार्जरला लॅग नसतो, खालून ओढतो" हे वाक्य (लॅग म्हणजे थ्रॉटल दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा उशीर) रूट्सला लागू आहे, सेंट्रिफ्यूगलला नाही. पण सेंट्रिफ्यूगलचा एक गुण मोठा आहे, मधल्या आरपीएमला टॉर्कचा धक्का देत नाही म्हणून जुन्या बारीक रॉडवाल्या इंजिनाला तो मानवतो.

माझ्याकडे सिटी व्हीटेक आहे. फिरवाफिरव न करता सांगा, काय लावू?

छोटा टर्बो, ०.४ बारच्या आसपास बूस्ट, नीट ट्यून (पेट्रोलचं प्रमाण आणि स्पार्कची वेळ जुळवणं), आणि तिथेच थांबा.

कारण सांगतो. आपल्याकडे या गाड्यांसाठी रेडिमेड सुपरचार्जर किट दुकानात मिळत नाही, म्हणजे ब्रॅकेट तुम्हालाच बनवायचं. आणि सुपरचार्जरचं ब्रॅकेट म्हणजे नुसती पट्टी वाकवून वेल्ड मारायचं काम नव्हे, पुली एकमेकींच्या रेषेत मिलिमीटरभर इकडेतिकडे झाल्या की बेल्ट उसवतो नाहीतर उडून पडतो. भोसरी एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीएनसीवर उत्तम ब्रॅकेट बनवून मिळेल, त्या कामगारांच्या हाताबद्दल शंकाच नाही, पण त्यांना ड्रॉइंग कोण देणार? ते तुम्हाला द्यावं लागतं, मापं घ्या, पुठ्ठ्याचा नमुना करा, बसवून बघा, परत करा.

त्यात होंडाच्या या जुन्या डी-सीरीज इंजिनाची अजून एक गंमत आहे, ते उलटं फिरतं. पुलीच्या बाजूने बघितलं तर बहुतेक सगळ्या गाड्यांची इंजिनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, हे उलट. म्हणजे दुसऱ्या गाडीचा रूट्स सुपरचार्जर आणून सरळ बेल्ट घातला तर तो उलटाच फिरणार आणि हवा उलटीकडे ढकलणार. मग बेल्टच्या पाठीवरून फिरवा नाहीतर युनिटच तोंड फिरवून बसवा, आणि हवा आत नेणारं इनटेक मॅनिफोल्ड तर मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आहे जिथे आधीच हात जात नाही.

टर्बोचं काम त्यामानाने सोपं कारण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पुढे रेडिएटरच्या बाजूला आहे, बॉनेट उघडलं की समोर. एक मॅनिफोल्ड बनवा, टर्बो टांगा, डाउनपाइप (टर्बोतून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) खाली न्या. अडचण एकच, तिथेच रेडिएटरचे आणि एसीचे फॅन आहेत, एक तरी फॅन पातळ घालावा लागतो किंवा एसीच्या कंडेन्सरच्या पुढच्या बाजूला न्यावा लागतो. जमतं.

मग सुपरचार्जर कोणी लावावा?

ज्याच्या गाडीसाठी नीट इंजिनिअरिंग केलेलं किट मिळतं त्याने. मियाटा हे बेस्ट उदाहरण. पहिल्या पिढीच्या गाडीला (१९८९ ते १९९७) आधी १.६ आणि मग १.८ इंजिन होतं, तिच्यासाठी जॅक्सन रेसिंगचं ईटन एम४५ वालं किट निघालं आणि ते घरच्या गॅरेजमध्ये वीकेंडला बसवता येईल असं होतं, पुली, ब्रॅकेट, बेल्ट सगळं खोक्यातच. दुसरीकडे फ्लाइंग मियाटासारख्यांची टर्बो किट. आणि त्या लोकांचा सूर बघाल तर साधारण असाच असतो, ज्यांना वळणावळणाच्या रस्त्यावर थ्रॉटल दाबला की लगेच सरळ रेषेत वाढणारी ओढ हवी आणि पॉवरचा हव्यास नाही ते सुपरचार्जरवर खूश, ज्यांना पुढे जाऊन अजून वाढवायचंय ते टर्बोकडे जातात. स्वतः माझ्दाने २००४-०५ ला फॅक्टरीतून माझ्दास्पीड मियाटा काढली तेव्हा टर्बोच लावला, १७८ हॉर्सपॉवर. यावरून काय ते समजा.

आपल्याकडे एस्टीम किंवा जिप्सीच्या १.३ ला जपानी ऐसिनचा छोटा एएमआर५०० लावायचा विचार बरेच जण करतात, तो साईजला खरंच योग्य आहे, छोट्या इंजिनासाठीच बनलेला. हाताशी चांगला मशीनिस्ट असेल आणि तुम्हाला स्वतःला या कामाची आवड असेल तर करा, मजा आहे. नुसती पॉवर हवी असेल तर या भानगडीत पडू नका.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर मर्सिडीज कॉम्प्रेसरचा सुपरचार्जर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

सी-क्लास कॉम्प्रेसर पुण्यातच असेंबल व्हायच्या, त्यामुळे भंगारात येतात हे खरं. युनिट चांगलं असतं. कागदावर जमतंही, तो ईटनचा एम४५ असेल तर एका फेऱ्यात साधारण पाऊण लिटर हवा टाकतो आणि १.५ लिटरचं इंजिन एका फेऱ्यात पाऊण लिटरच ओढतं, म्हणजे क्रँकच्या दीड-पावणेदोन पट वेगाने फिरवला तर अर्ध्या बारच्या आसपास बूस्ट येईल. पण घ्यायच्या आधी हाताने फिरवून बघा, रोटरच्या कोटिंगचे पापुद्रे निघालेत का बघा, पुढच्या बेअरिंगला खेळ आहे का बघा, नाकातून तेल गळतंय का बघा. दुकानदार "चालू गाडीतून काढलाय" म्हणेल, तो सगळ्याच मालाबद्दल तेच म्हणतो.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, सुपरचार्जर लावायचा असेल तर आधी तुमची क्रँक पुली तपासा. या पुलीत आतला हब आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं, ते वीस-पंचवीस वर्षांत कडक होतं नाहीतर सुटतं. पांढरा पेंट घ्या, हबपासून बाहेरच्या रिंगपर्यंत एक सरळ रेघ ओढा, आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवा, मग बॅटरी टॉर्च लावून परत बघा. रेघ मधेच तुटून बाहेरचा अर्धा भाग पुढे सरकलेला दिसला तर रबर गेलंय. एसीचा कॉम्प्रेसर ओढतानाच जी पुली घसरते तिच्यावर दहा हॉर्सपॉवरचा सुपरचार्जर टाकलात तर काय होईल ते वेगळं सांगायला नको, आणि इग्निशन टायमिंगची खूण त्याच बाहेरच्या रिंगवर असते त्यामुळे टायमिंग लाइट लावून बघितलेलं टायमिंगही खोटं निघतं.

स्विफ्ट डिझेलचा टर्बो लावला तर? तो तर पडून मिळतो.

स्विफ्ट डिझेलच्या १.३ मल्टिजेट इंजिनाचा ७५ हॉर्सपॉवरवाला टर्बो फारच छोटा आहे, वरच्या आरपीएमला १.५ पेट्रोलचा गळा आवळेल. ९० हॉर्सपॉवरवाल्या मल्टिजेटचा व्हीजीटी आहे, म्हणजे आतल्या पात्या वळवून बूस्ट सांभाळणारा, आणि त्या पात्या डिझेलच्या तापमानासाठी असतात. डिझेलचा एक्झॉस्ट ८०० डिग्रीच्या आसपास राहतो, पेट्रोल फुल लोडला ९०० च्या वर सहज जातं, पात्या वाकतात, अडकतात आणि मग बूस्ट तुमच्या हातात राहत नाही. पेट्रोल गाडीचाच घ्या. जुन्या ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बोचा के०३ या कामाला चालतो, किंवा मित्सुबिशीचा छोटा टीडी०४, किंवा बजेट असेल तर गॅरेटचा जीटी२५ मधला छोटा. शाफ्टला आतबाहेर खेळ नसावा, आडवा किंचित असतो तो चालतो.

टर्बो लॅग त्रास देतो का?

छोटा टर्बो घेतला तर अडीच-तीन हजार आरपीएमला बूस्ट यायला लागतो आणि सिटीसारखं इंजिन सात हजारापर्यंत फिरतं, म्हणजे भरपूर जागा आहे. ज्यांना लॅग छळतो त्यांनी बहुतेक वेळा "पुढे ३०० करायचेत" म्हणून आधीच मोठा टर्बो लावलेला असतो. ते पुढे कधी येत नाही आणि रोज सिग्नलला मागून रिक्षा हॉर्न मारते.

आपल्या उन्हाळ्यात गाडी तापणार नाही का?

तापणार. आणि माझ्या मते आपल्याकडे टर्बो का सुपरचार्जर हा वाद खरं तर उष्णतेचा वाद आहे, म्हणून जरा आकडे बघू. बाहेर ३५ डिग्री, बूस्ट अर्धा बार. टर्बोचा कॉम्प्रेसर ७० टक्के एफिशिअन्सीवर असेल तर हवा बाहेर येताना सुमारे ८८ डिग्री होते. रूट्स सुपरचार्जर ५५ टक्क्यांवर असेल तर तीच हवा १०३ डिग्री. दोन्हींना इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) पाहिजे, पण टर्बोला पुढे बंपरमागे इंटरकूलर घालून पाइप फिरवणं सोपं आहे, मॅनिफोल्डवर चिकटून बसलेल्या रूट्सला ते जड जातं, मग पाण्यावर चालणारा इंटरकूलर, वेगळा पंप, वेगळा छोटा रेडिएटर अशी वरात निघते. मेमध्ये नागपुरात ४५ डिग्री असताना तर हा फरक अजून बोचतो.

टर्बोचा त्रास वेगळा, तो बॉनेटखाली स्वतः भट्टी असतो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये एसी चालू, गाडी उभी, पुढे लाल झालेलं हाउसिंग आणि त्याच्यासमोर बोटभर अंतरावर रेडिएटर. टर्बो ब्लँकेट घाला, डाउनपाइपला हीट रॅप करा, जवळून जाणाऱ्या वायरिंगवर आणि ब्रेक पाइपवर स्लीव्ह चढवा, रेडिएटर जुना असेल तर आधी तो बदला. कूलंट म्हणून नळाचं पाणी घालणाऱ्याने हे सगळं वाचूच नये.

किती बूस्ट सेफ?

स्टॉक इंजिनाला ०.४ बार, म्हणजे साधारण ६ पीएसआय. १०६ ची गाडी कागदावर १.४ पट म्हणजे १४८ होते, उष्णता आणि बाकीचं वजा जाऊन १३५-१४० धरा. हजार किलोच्या आसपासच्या गाडीला हे खूप आहे, खरंच खूप आहे, चालवून बघा मग बोलू. वेस्टगेटच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कुठल्याही कंट्रोलरने मिळत नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे ०.८ ची स्प्रिंग असलेला टर्बो आणून "मी ०.४ वरच चालवीन" असं होत नाही. आणि जुनी रॉड हॉर्सपॉवरने कमी आणि खालच्या आरपीएमच्या टॉर्कने जास्त वाकते, म्हणून बूस्ट एकदम दणकन येण्यापेक्षा हळूहळू चढेल असं ट्यून करून घ्या.

आधी इंजिन खोलावं लागेल का?

आधी तपासा, मग ठरवा. कम्प्रेशन टेस्ट करा, चारही सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत पाहिजे. शक्य असेल तर लीकडाउन पण करा, त्याने कळतं हवा रिंगमधून जाते की व्हॉल्व्हमधून. गाडी मधे काही वर्षं सीएनजीवर चाललेली असेल तर व्हॉल्व्ह सीट घासलेल्या असू शकतात, क्लिअरन्स बघून घ्या, होंडाच्या या इंजिनात तो स्क्रूने सेट होतो, फार काम नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला माहीत नसेल तर बदलला नाही असंच समजा. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणाऱ्या इंजिनाला बूस्ट देऊ नका, ते जळकं ऑइल चेंबरमध्ये गेलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं) वाढतं, बूस्टमध्ये तर हमखास.

मियाटावाल्यांनी एक बघावं, जुन्या १.६ चा कम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) ९.४, सुरुवातीच्या १.८ चा ९.०, आणि २००१ नंतरच्या गाड्यांचा १०.०. शेवटच्यात पॉवर आधीच जास्त पण बूस्टला वाव कमी. आणि १.६ वाल्यांचा मागचा डिफरेन्शिअल नाजूक, तो १.८ चा घालून घेतात लोक.

ट्यूनिंगचं काय? इंजिनाचा मूळ कंप्युटर (ईसीयू) तसाच ठेवून त्यावर जोडायचा पिगीबॅक बॉक्स चालेल का?

सगळा खेळ इथेच आहे. टर्बो कुठला, सुपरचार्जर कुठला यापेक्षा ट्यून कोण करतोय याने गाडी जगते किंवा मरते. पूर्वी रायझिंग रेट रेग्युलेटर लावायचे, बूस्ट आला की पेट्रोलचं प्रेशर वाढणार, आणि टायमिंग मागे घ्यायला डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठेवायचे. चालायचं, पण अंदाजपंचे. आज पिगीबॅकऐवजी स्टँडअलोन (पूर्ण स्वतंत्र) ईसीयू किंवा निदान नीट बर्न केलेला (नवा प्रोग्रॅम भरलेला) ओरिजिनल ईसीयू घ्या. या होंडा मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा) चालतात, म्हणजे एअर फ्लो मीटरची कटकट नाही आणि ओरिजिनल सेन्सर ०.७ बारपर्यंतचा बूस्ट वाचू शकतो, फक्त ईसीयूमधल्या टेबलमध्ये तिथे काय करायचं ते लिहिलेलंच नसतं. ते लिहून घ्यायचं.

इंजेक्टर स्टॉकचे पुरणार नाहीत. १५० हॉर्सपॉवरचा हिशोब केला तर प्रत्येकी ३०० सीसीच्या आसपास लागतात, त्यात आपलं आताचं पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं), म्हणजे ३५०-३६० चे घाला आणि निवांत राहा.

ई२० ने काय फरक पडतो?

शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के जास्त पेट्रोल टाकायला लागतं. कोणी दहा वर्षांपूर्वी ट्यून केलेली टर्बो गाडी विकत घेत असाल तर ती आज फुल थ्रॉटलला लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालत असणार हे गृहीत धरा आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावल्याशिवाय दाबू नका. वाइडबँड लॅम्ब्डामध्ये (१ म्हणजे त्या पेट्रोलला बरोबर लागते तेवढीच हवा) वाचायची सवय करा, फुल बूस्टला ०.८० च्या आसपास, मग पेट्रोल कुठलंही असो गोंधळ होत नाही. चांगली बाजू अशी की इथेनॉलमुळे नॉकिंगला थोडा आळा बसतो. वाईट बाजू, जुने रबर पाइप आणि सील त्याने फुगतात, चिरतात. टाकीपासून रेलपर्यंतचे सगळे पाइप बदला, हे टर्बोच्या आधीचं काम आहे, नंतरचं नाही. बूस्टखाली पेट्रोलचा पाइप गळला आणि समोर टर्बो तापलेला, पुढचं मी लिहीत नाही.

१०० ऑक्टेन टाकलं की झालं ना?

इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं, पण मोजक्याच पंपांवर मिळतं आणि महाग आहे. तुम्ही त्याच्यावर ट्यून केली आणि गणपतीत गाडी घेऊन कोकणात गेलात, राजापूरच्या पुढे कुठल्या पंपावर शोधणार? जे सगळ्यात साधं पेट्रोल तुमच्या गाडीत कधीतरी पडणार आहे त्याच्यावर ट्यून करा. चांगलं टाकलं तर बोनस.

घाटात कोण जास्त चांगला?

खंडाळा, ताम्हिणी, वरंधा, अशा ठिकाणी दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना रूट्स सुपरचार्जर खरंच सुख देतो, पाय जितका दाबाल तितकंच आणि तेव्हाच मिळतं, हे मान्य करायला पाहिजे. पण उंचीवर टर्बो पुढे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १४-१५ टक्के कमी. साधी गाडी तेवढी मेलेली वाटते, सुपरचार्जरवाली पण त्याच प्रमाणात मरते कारण पुली तीच. टर्बो जास्त फिरून त्यातला बराच भाग भरून काढतो, ईसीयू ॲब्सोल्यूट प्रेशर बघून बूस्ट कंट्रोल करत असेल तर जवळजवळ सगळाच.

पावसाळ्यात काही प्रॉब्लेम?

दोन. सुपरचार्जरच्या बेल्टवर खालून पाणी उडालं की तो घसरतो, किंचाळतो, बूस्ट पडतो, म्हणून खालचं प्लास्टिक कव्हर काढून फेकू नका. टर्बोवाले हमखास एअर फिल्टर बंपरच्या कोपऱ्यात खाली नेऊन ठेवतात, थंड हवेसाठी. जूनमध्ये हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं की तोच फिल्टर पाणी ओढतो, पाणी दबत नाही आणि रॉड वाकते. फिल्टर वर ठेवा, पाच डिग्री गरम हवा परवडली.

ऑइलचं काय?

टर्बोला ऑइल द्यायला हेड किंवा ब्लॉकवरच्या ऑइल प्रेशर स्विचपाशी टी घालतात, ते सोपं. परत जाणारा पाइप मात्र लोक चुकवतात. तो जाड पाहिजे, सतत उतार पाहिजे, मधे पोट पडता कामा नये, आणि इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला (संप) ऑइलच्या लेव्हलच्या वर वेल्ड केलेला पाहिजे, कारण तिथे प्रेशर नसतं, ऑइल नुसतं वजनाने खाली पडतं. हे चुकलं की ऑइल टर्बोमध्ये साचतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं, निळा धूर येतो आणि मालक म्हणतो टर्बो खराब निघाला. सिंथेटिक ऑइल, पाच हजाराला बदली, घाट चढून वर आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, मिनिट-दोन मिनिटं आयडल.

क्लच, ब्रेक बदलावे लागतील?

ब्रेक आधी. मागे ड्रम आहेत, पुढे तरी चांगले पॅड, नवीन रोटर, नवीन फ्लुइड, आणि टायर. क्लच घसरायला लागला की कळेलच.

आरटीओ काय म्हणेल?

कायद्यात बसत नाही, हे स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय या गाड्यांना पंधरा वर्षं कधीच झाली, दर पाच वर्षांनी री-रजिस्ट्रेशनला गाडी तपासायला न्यायची असते. इन्शुरन्सवाल्यांना बदल सांगितला नसेल तर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. म्हणून ज्यांना अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर किंवा चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवर चालवायची आहे त्यांनी गाडी तेवढ्यासाठीच ठेवावी आणि तिथे ट्रकवर टाकून न्यावी. "सगळे करतात" हे आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर बोलून बघा.

खर्च?

नीट केलं तर गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त. टर्बो हा त्यातला छोटा भाग. मॅनिफोल्ड, इंटरकूलर, पाइपिंग, इंजेक्टर, पंप, ईसीयू, वाइडबँड, क्लच, डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) वेळ, बाहेरून मागवलं तर कस्टम ड्यूटी. बजेटच्या निम्मे पैसे ईसीयू आणि ट्यूनिंगला बाजूला काढून मग उरलेल्यात टर्बो शोधा, उलटं करू नका.

त्यापेक्षा जुनी पोलो जीटी टीएसआय घेतली तर?

डोक्याने विचार केला तर हो. चाकणला बनलेली, १.२ टर्बो, १०५ हॉर्सपॉवर, म्हणजे आकडा आपल्या जुन्या सिटीएवढाच, पण १७५ न्यूटन मीटर टॉर्क १५०० आरपीएमपासून. कंपनीने वॉरंटी देऊन विकलेलं इंजिनिअरिंग, आणि कागदपत्रं स्वच्छ. पण ती सात हजाराला व्हीटेकसारखी ओरडत नाही, आणि तुम्ही हे पान इथपर्यंत वाचलंय म्हणजे डोक्याने विचार करणाऱ्यातले नाही.

दोन्ही एकदम लावता येतात का?

येतात. लॅन्सिया डेल्टा एस४ ने १९८५ मध्ये रॅलीत लावले, फोक्सवॅगनने १.४ टीएसआयमध्ये रस्त्यावरच्या गाडीला लावले. त्यांच्याकडे इंजिनिअरांची फौज होती. तुमच्याकडे शनिवार-रविवार आहे.

ब्लो ऑफ व्हॉल्व्हचा (थ्रॉटल सोडल्यावर जादा दाब बाहेर सोडणारी झडप) तो फुस्स आवाज सुपरचार्जरला येतो का?

रूट्सला नाही, त्याची शिट्टी असते, घूं करून चढत जाणारी. सेंट्रिफ्यूगलला येतो. पण आवाजासाठीच करायचं असेल तर स्पीकर घ्या, स्वस्त पडेल.

पुढे गाडी विकायची झाली तर?

म्हणून काढलेली एकही वस्तू भंगारवाल्याला देऊ नका. ओरिजिनल एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, एअर बॉक्स, इंजेक्टर, ईसीयू, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जुने फॅन, सगळं एका खोक्यात, नट-बोल्ट पिशव्यांत भरून त्यावर मार्करने नावं घालून. संपला वेल्ड केलेल्या ऑइल पाइपच्या तोंडाला प्लग मारता येतो, वायरिंग कापू नका, ॲडॉप्टर हार्नेस करून घ्या. या गाड्यांना आता स्टॉक कंडिशनमध्येच जास्त भाव आहे, आणि मॅनिफोल्डचं ओरिजिनल हीट शील्ड तर सीएसटी रोडवरही सहजी सापडत नाही.